जाळं खांद्यावर असताना

मु. चिंधीटोला, ता. नागभीड
२४ ऑगस्ट २०२४

चि. केवळरामास भागीरथाबाईचे अ. उ. आ.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून कागद घेतला. फोनवर तू हूं-हूं करतोस आणि मागे चंदाचा टीव्ही चालू असतो. शिवाय तू नागपूरच्या होस्टेलात गेलास तेव्हापासूनची सवय आहे. बाबा सांगायचे, मी लिहायची, आणि शेवटी ते विचारायचे की एवढं सगळं त्या एका कागदात मावलं काय.

इकडे धानाचे रोवणे आटोपले. तळं तुडुंब आहे. माझा अमर माजरीहून पंधरा दिवसांतून एकदा येतो, कोळशाच्या ट्रकवरच आहे अजून. त्याचे कपडे तिसऱ्या पाण्यातही काळंच सोडतात. माझा गुडघा बरा आहे. राखी पोचली की नाही हे तू कळवलं नाहीस, ते मी विसरलेली नाही.

आता मुद्द्याचं. आपली आचल, अमरची थोरली, यंदा नववीत गेली. रविवारच्या पेपरात 'डोकं लढवा' म्हणून एक सदर येतं, गुणाकर नावाचा कोणी लिहितो. आचलनं सातवीपासून त्याचं एक कोडं सोडलेलं नाही. कात्रण वहीत चिकटवते, खाली स्वतःचं उत्तर लिहिते. तिची वही पाहून तिच्या सरांनी दर मंगळवारी ते कोडं वर्गात फळ्यावर घ्यायला सुरुवात केली. पोरीला केवढा अभिमान होता त्याचा.

मागच्या रविवारचं कोडं असं होतं. तळ्याकाठी एक गाव आहे. रानाच्या बाजूला मोहफुलं वेचणारे राहतात, ते कायम खरं बोलतात. तळ्याच्या बाजूला मासेमार राहतात, ते कायम खोटं बोलतात. एका पाहुण्याला तळ्यावर जायचं आहे. दोन वाटा फुटतात तिथे त्याला खांद्यावर जाळं घेतलेला एक मासेमार भेटतो. तो म्हणतो, मी वावरात चाललो, जाळं हवा खायला सोबत घेतलं, आणि तळ्याची वाट डावीकडे. तर पाहुण्यानं कुठे वळावं?

सरांचं लिहून व्हायच्या आत आचलचा हात वर होता. उजवीकडे, म्हणाली. सरांनी विचारलं कसं, तर तिनं सांगितलं की मासेमार खोटंच बोलतात म्हणून. सगळा वर्ग हसला. का हसले ते तिला आधी कळलंच नाही.

वर्गात आपल्या मासेमार ढिवरांच्या दोनच पोरी आहेत आणि दुसरी त्या दिवशी आली नव्हती. तेव्हापासून रोशन नावाचा एक पोरगा आणि त्याची टोळी आचलच्या प्रत्येक बोलण्याचा उलटा अर्थ लावते. हजेरीला ती हजर म्हणाली तर मागून कोणी ओरडलं की म्हणजे आज आली नाई. गुरुवारपासून ती शाळेत गेलेली नाही. कोड्यांची वही तिनं सुगंधाबाईला देऊन टाकली, बाजारात मासे बांधायला. मला कळेपर्यंत अर्धी वही लोकांच्या घरी गेली होती. मी जवळ घेऊन विचारलं तर एकच बोलली, "आजी, मी माह्याच तोंडानं सांगितलं वं."

तू गणिताचा प्राध्यापक आहेस. त्या पेपरवाल्यांना तुझ्या नावानिशी, हुद्द्यानिशी एक कडक पत्र लिही. त्या गुणाकराला विचार, की बाबा, तू कधी ढिवराच्या घरचं पाणी तरी प्यालास काय.

चंदाला आशीर्वाद. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे, तू फक्त उत्तर धाड.

तुझी बाई

---

चंद्रपूर
३० ऑगस्ट २०२४

ती. बाईस केवळरामचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. राखीही मिळाली होती आणि चंदानं ती बांधलीही. फोन राहिला, ही चूक कबूल. गुडघ्याला शेक चालू ठेव आणि पोळ्याच्या धावपळीत पाण्यातून फिरू नकोस.

आचलचं वाचून वाईट वाटलं. पण बाई, थोडं शांतपणे घे. तर्काच्या अशा कोड्यांत कोणीतरी खरं बोलणारा आणि कोणीतरी खोटं बोलणारा लागतोच. त्यात खरी माणसं नसतात. ती नुसती चिन्हं असतात, क्ष आणि य यांच्यासारखी. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसेल. हा गुणाकर कोण ते मला माहीत नाही. असेल कोणी रिकामा माणूस.

आणि खरं सांगायचं तर आमच्या क्षेत्रात कोड्यांना कोणी गणित म्हणतच नाही. ज्याच्या हातून सिद्धांत होत नाहीत तो कोडी करतो, अशी त्याची पत आहे. ३० सप्टेंबरला माझी विद्यापीठातल्या प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. समितीत मोठी माणसं आहेत. माझे अकरा शोधनिबंध त्यांच्यासमोर जायचे आहेत. अशा वेळी रविवारच्या पुरवणीतल्या भांडणात माझं नाव दिसलं तर ते बरं नव्हे. तेव्हा कडक पत्राचं आत्ता जमणार नाही.

आचलला सांग, मनाला लावून घेऊ नको. दोन-चार दिवसांत पोरं विसरतात. तिच्यासाठी चांगली कंपासपेटी पार्सलनं पाठवली आहे.

अमरला आशीर्वाद. माझ्या आळसाकडे न बघता माया करत राहावी.

तुझा
केवळराम

---

मु. चिंधीटोला
८ सप्टेंबर २०२४

चि. केवळरामास अ. उ. आ.

कंपासपेटी पोचली. आचलनं झाकण उघडलेलं नाही. पोरं विसरलेली नाहीत. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे होते, तिथेही कोणीतरी तिला विचारलं की हे बैल आहेत की म्हशी. ती घरी निघून आली.

परवा तिनं गुणाकराला पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकायला माझ्या हाती दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, मी वाचलं. वर पत्ता पेपरच्या कचेरीचा आहे. पण मी ते तुझ्या पत्त्यावर पाठवते आहे. का ते तुला कळेल. तिनं लिहिलं आहे ते असं:

*"गुणाकर सर, नमस्कार. मी तुमची कोडी सातवीपासून सोडवते. तुमचं तळ्याचं कोडं मी सोडवलं, पण आता त्याच्याविषयी मी एक कोडं केलं आहे. जाळं हवा खायला घेतलं, हे वाक्य माझ्या आजीच्या बाबांचं आहे. ते आमच्या टोल्याबाहेर कोणाला माहीत नाही. म्हणजे तुम्ही आमच्यातलेच असले पाहिजे. आता तुम्ही म्हणता, मासेमार कायम खोटं बोलतात. हे खरं धरलं तर तुम्हीही खोटं बोलता, मग हे खरं कसं? म्हणून ते खोटंच आहे. ते खोटं आहे म्हणजे आमच्यात कोणीतरी, कधीतरी, खरं बोलणारा आहे. एवढं सिद्ध होतं. तो कोण ते मला काढता आलं नाही. ते कोडं लिहिताना तरी खरं बोलणारे तुम्ही नव्हते. आपली वाचक, आचल."*

केवळ, मी दहावी शिकलेली बाई. अंगणवाडीत पोरांना शंभरापर्यंत मोजायला शिकवलं, याच्यापुढे माझं गणित नाही. पण हे वाचून मी ओट्यावर बसून राहिले. आचल मला विचारते, आजी, बाबाआज्याचं ते बोलणं तू आणखी कोणाला सांगितलं होतं काय. मला सांगायची गरजच नव्हती ना, ते ऐकत तूच मोठा झालास.

तू सहा वर्षांचा होतास. बाबा पहाटे जाळं खांद्यावर टाकून निघायचे आणि तू त्यांच्या मागे. वाटेत कोणी विचारलं कुठी चालले लहानूभाऊ, तर म्हणायचे वावरात. तळ्यावर जातो असं तोंडानं म्हटलं की मासोळीले आयकू जाते, असं ते मानायचे. जाळं खांद्यावर असेपर्यंत ते तुझ्याशीही उलटंच बोलायचे आणि तू सुलटं करायचास. थंडी वाजत नाई ना, म्हटलं की तू त्यांच्या धोतरात शिरायचास. जाळं पाण्यात पडलं की मात्र खरं बोलायचं, हा त्यांचा नेम. ती लबाडी नव्हती, तळ्याची अदब होती. त्यातूनच तुझं डोकं चालायला लागलं, असं बाबा सगळ्यांना सांगत फिरायचे.

घरातला खेळ होता तो. तू तो बाजारात नेऊन उघडा केलास आणि खाली खोटं नाव लिहिलंस. तू चिन्हं म्हणतोस, पण ते चिन्ह आपले बाबा आहेत. गुणाकर तूच आहेस की नाहीस, एवढं लिही. दुसरं काही लिहू नकोस, गुडघ्याचंही नको.

रागातही तुझं बरंच चिंतणारी,
बाई

---

चंद्रपूर
१३ सप्टेंबर २०२४

ती. बाईस सा. न. वि. वि.

गुणाकर मीच.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तो कोण ते मला माहीत नाही. तुला लिहिलेल्या पत्रांत, मला आठवतं तेवढं, हे पहिलं खोटं. ते लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिलं.

सहा वर्षांपूर्वी पेपरच्या संपादकांनी विचारलं आणि मी गंमत म्हणून हो म्हटलं. नाव दिलं नाही, कारण आमच्या लोकांत हसं झालं असतं. पण बाई, माझे अकरा निबंध वाचणारी माणसं जगात मोजून पंधरा-वीस असतील, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते नाइलाजानं वाचले. कोड्यांना मात्र दर आठवड्याला पोतंभर पत्रं येत. ब्रह्मपुरीचा न्हावी, सिरोंच्याची नर्स, गडचिरोलीच्या तुरुंगातला एक कैदी. मला रविवारची वाट पाहणं आवडायला लागलं. जे मला खरंच जमतं त्याचीच मला लाज वाटायची, आणि ज्याचा मान मिळतो ते मला जेमतेम जमतं. हे मी चंदालाही कधी बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी नागपुरात एका परिषदेनंतर जेवण होतं. आता समितीचे अध्यक्ष आहेत तेच गृहस्थ ताटावर बसून गुणाकराची टिंगल करत होते. गणिताचा तमाशा मांडला आहे, म्हणाले. सगळे हसले आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. वर मी म्हटलं की असेल कोणी निवृत्त नायब तहसीलदार, वेळ जात नसेल. त्यावर टाळी मिळाली. रात्री झोप आली नाही, पण पुढच्या रविवारचं कोडं मी वेळेवर पाठवलं.

तळ्याचं कोडं लिहिताना मला बाबाच आठवत होते. तुला हे खरं वाटणार नाही. मी हसत होतो लिहिताना. ते वाक्य छापून येणार, बाबांचं बोलणं घरोघर जाणार, याचा मला आनंद झाला होता. वाचणाऱ्यांना बाबा दिसणार नाहीत, नुसता खोटारडा मासेमार दिसेल, हे मला एकदाही सुचलं नाही. तीस वर्षं तळ्यापासून लांब राहिलो की असं होतं. मी आपल्यातला म्हणून लिहिलं आणि बाहेरचा म्हणून सही केली.

आचलचं पत्र दहा वेळा वाचलं. तिनं जे काढलं त्यावर फार मोठ्या लोकांनी फार जुन्या काळी डोकी फोडली आहेत. तिला ते कोणी शिकवलेलं नाही. आणि अशा पोरीला मी घरी बसवलं.

मी शुक्रवारी, वीस तारखेला, तिच्या शाळेत येतो. मुख्याध्यापकांना फोन करून मीच गुणाकर असं सांगितलं आहे. वर्गासमोर उभा राहून माफी मागतो. आचलला तेवढ्यापुरतं ये म्हणावं.

माया मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
केवळ

---

मु. चिंधीटोला
२३ सप्टेंबर २०२४

चि. केवळरामास अ. उ. आ.

आचल आली होती, तू पाहिलं असशील. की नाही पाहिलं? तिसऱ्या रांगेत भिंतीला लागून बसली होती. एक महिन्यानं शाळेचा ड्रेस घातला, इस्त्री नव्हती म्हणून उशाखाली घालून झोपली. गुणाकर स्वतः माफी मागायला येणार म्हणून आली. आणि गुणाकर म्हणजे आपलेच केवळआजोबा, हे मी तिला आदल्या दिवशी सांगितलं. तिनं फक्त मान हलवली. तिनं ते आधीच काढलेलं होतं.

मुख्याध्यापकांनी फाटकापासून रांगोळी घातली ती तुझी चूक नाही, मान्य. फळ्यावर थोर गणितज्ञ लिहिलं तेही तुझी चूक नाही. पण शाल तुझ्या खांद्यावर टाकली तेव्हा तू मान वाकवलीस. नारळ घेतलास. फोटोला उभा राहिलास. मग चाळीस मिनिटं अंकांच्या गमती सांगितल्यास, पोरं खूश, मास्तर खूश. आणि अगदी शेवटी, घड्याळ बघून, म्हणालास की मागे एका कोड्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे. असतील तर? कोणाच्या ते तुला ठाऊक होतं. ती पंधरा हातांवर बसली होती. तिचं नाव तू उच्चारलं नाहीस आणि बाबांचंही नाही. तुझी ओळख चंद्रपूरचे विद्वान अशी करून दिली, ती तू तशीच राहू दिलीस.

नंतर मोटारीत शाल घालूनच बसलास. घरी मी झिंगे शिजवून ठेवले होते. तू म्हणालास उशीर होतो.

केवळ, मला आयुष्यात तुझी लाज वाटली नव्हती. तू पहिल्यांदा नापास झालास तेव्हाही नाही. त्या दिवशी वाटली, आणि ती मी शेजारच्या बायांना दाखवूही शकत नव्हते, कारण त्या सगळ्या मला म्हणत होत्या, केवढा मोठा आहे वं तुझा भाऊ.

आचल घरी येऊन कपडे बदलून तांदूळ निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "आजी, त्यायच्या खांद्यावर जाळं आजून हायेच." शाळेत पुन्हा गेलेली नाही.

आशीर्वाद आहेत, ते कमी-जास्त होत नाहीत.

बाई

---

चंद्रपूर
२ ऑक्टोबर २०२४

चि. आचलला अ. आ.

हे पत्र तुला आहे, आजीला नाही. ती वाचेलच, तिला वाचू दे.

शाळेत मी जे केलं ते पळणं होतं. तुला मी पाहिलं होतं. आत पाऊल टाकताच पाहिलं आणि त्यानंतर तुझ्या बाजूला बघितलंच नाही. शाल अंगावर आली तेव्हा मला वाटलं, काढून ठेवावी. पण ती ऊबदार होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. एवढंच कारण आहे, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

सोबत २९ तारखेच्या रविवारचं कात्रण आहे. त्या दिवशी सदरात कोडं नव्हतं. मी काय लिहिलं ते तू वाचशील, पण थोडक्यात इथेही सांगतो, कारण तुझ्या वहीचं मी जे केलं त्यानंतर माझं कात्रण तू चुलीत घातलंस तरी ते बरोबरच होईल. मी लिहिलं की गुणाकर हे नाव खोटं आहे. माझं नाव केवळराम. माझे वडील लहानू, चिंधीटोल्याचे ढिवर, तळ्यावर मासे धरून त्यांनी मला शिकवलं. तळ्याच्या कोड्यातलं वाक्य त्यांचं होतं, त्यांचा नेम काय होता तोही लिहिला. एका नववीतल्या मुलीनं माझं कोडं खोटं कसं ते सिद्ध केलं, ती सिद्धताही जशीच्या तशी दिली. तुझं नाव घातलं नाही. तुला विचारल्याशिवाय ते वापरायचा हक्क मला नाही. शेवटी लिहिलं की त्या गावात खोटं बोलणारा मासेमार एकच होता, आणि तो मी.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझी मुलाखत होती. संपादक म्हणाले होते, आठवडाभर थांबा, मुलाखत होऊन जाऊ द्या. चंदाआजीही म्हणाली. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढेही थांबतच राहिलो असतो, माझं मला माहीत आहे. अध्यक्षांनी तो पेपर घडी करून टेबलावर ठेवला होता. माझ्या निबंधांवर एक प्रश्न झाला. मग त्यांनी पेपरवर बोट ठेवून विचारलं की हे आपणच काय. मी हो म्हटलं. मोठ्या आवाजात म्हटलं असं तुला सांगावंसं वाटतं, पण आवाज बारीक निघाला. समितीतल्या एकानं हसत मला वाघ, शेळी आणि गवताची पेंडी नदीपार न्यायला सांगितली. बाकीचे हसले. दोन वर्षांपूर्वी मी जसा हसलो होतो तसेच. मी शेळी पलीकडे नेली, परत आलो, वाघ नेला, शेळी परत आणली, सगळं सांगितलं. ते पद मला मिळणार नाही.

त्याचं मला फार वाईट वाटत नाही, असं लिहिलं तर ते उलटं वाच. वाटतं. तीस वर्षं त्या खुर्चीकडे बघून चाललो. पण परतीच्या गाडीत तुझी सिद्धता पुन्हा वाचली आणि त्या टेबलाभोवती बसलेल्यांत तेवढं नेटकं कोणी काही बोललं नव्हतं, हे मला गणिती म्हणून सांगता येतं.

माझ्या वडिलांचा नेम होता, जाळं पाण्यात पडलं की खरं बोलायचं. माझी पन्नाशी उलटली तोवर मी जाळं खांद्यावरच वागवलं. तुझी माफी मागतो, आचल. तुझीच, नाव घेऊन. तू शाळेत जा, एवढं एकच मागणं आहे, आणि ते मी मागावं असं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी तुझं बरं चिंतणारा,
केवळआजोबा

---

मु. चिंधीटोला
१४ ऑक्टोबर २०२४

चि. केवळरामास अ. उ. आ.

दसऱ्याला तुझी वाट पाहिली नाही, असं लिहिलं तर तूही ते उलटंच वाच. सोनं देव्हाऱ्यात ठेवलं आहे, आलास की घे.

तुझं कात्रण टोल्यात फिरून फिरून मऊ झालं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सुगंधाबाईच्या नातीनं वाचून दाखवलं. बाबांचं नाव पेपरात आलं म्हणून म्हातारे खूश आहेत. दोघेतिघे मात्र म्हणाले, हे आधी त्या पोरीसमोर बोलला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हो.

आचल मागच्या सोमवारी शाळेत गेली. मी जा म्हटलं नव्हतं. सकाळी वेणी घातली, दप्तर पाठीवर टाकलं आणि निघाली. मला बोडीकडे, त्या लहान तळ्याकडे, जायचं होतं म्हणून मी टोपली घेऊन मागे होते. बांधावर रोशन आणि दोन पोरं सायकली धरून उभी होती. त्यानं विचारलं, "कुठी चालली वं?" दप्तर डोळ्यांसमोर दिसत होतं, चिडवायलाच विचारलं. ती न थांबता म्हणाली, "वावरात."

यात काय पकडावं ते पोरांना कळेना. मग रोशनच हसला, पण या वेळचं हसणं वेगळं होतं, आणि तो सायकल ढकलत तिच्या मागे शाळेकडे गेला. मी तिथेच उभी राहिले. केवळ, तो आवाज बाबांचा होता. तोच सूर, तसंच तोंडातल्या तोंडात बोलणं. बाबा गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला त्यांचा चेहराही आठवत नाही. मी बांधावर बसून रडले, हेही लिहिते. गुडघ्यामुळे नाही.

तेव्हापासून रोज जाते. तुझं पत्र तिनं तीनदा वाचलं, हे मी मोजलं. कात्रण चिकटवलेलं नाही, कारण वही उरली नाही, पण फेकलंही नाही. घडी करून त्या कंपासपेटीत ठेवलं आहे. म्हणजे झाकण उघडलं.

आता राहिलं तुझ्या पत्राचं उत्तर. मी तिला म्हटलं, आजोबांना दोन ओळी लिही. ती म्हणाली मी लिहीत नाही, तूच सांग. काय सांगू, म्हटलं. तर म्हणाली, सांग, मी आता रागावली नाई. एवढंच.

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. पण तू गणिताचा माणूस, तुझ्यापासून काही लपवून उपयोग नाही. हे ती बोलली ते काल, रविवारी, पहाटेच्या वेळी. अमर दसऱ्याच्या सुट्टीवर आलेला, दोघं बापलेक तळ्यावर निघाले होते. आणि जाळं तिच्या खांद्यावर होतं.

तेव्हा तू ये. तिचा राग आहे तोवर ये, गेल्यावर आलास तर त्याला काय अर्थ. शाल आणू नकोस. पहाटे तिच्या मागे तळ्यावर जा आणि जाळं पाण्यात पडेपर्यंत गप्प राहा.

झिंगे मी पुन्हा शिजवीन. वाट पाहणारी,

तुझी बाई